सीपीयूचा वेग ०.७९, तापमान १२७: मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचे विचित्र आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. कुणाच्या खोलीत ३८ अंश असतं आणि स्क्रीनवर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, २६ दाखवतो. कुणाचा १२७ वर चिकटलेला असतो आणि तरीही मशीन मजेत चालू असतं. कुणाचा चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.७९ च्या वर हलत नाही, तर कुणाचा काहीही उघडलेलं नसताना ३६ वरून ५८ वर उडी मारून परत येतो. पुढचा क्रम ठरलेला: मशीन दुकानात, नवी थर्मल पेस्ट (चिप आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप), नवा पंखा, विंडोज पुन्हा टाकणं. खर्च होतो आणि आकडा जिथल्या तिथे राहतो.

स्क्रीनवरचा आकडा थेट मोजलेला असतो असं आपण धरून चालतो, घोळ तिथेच आहे. प्रोग्राम चिपमधून किंवा मदरबोर्डवरून दोन-तीन कच्च्या संख्या उचलतो, त्यांच्यावर काहीतरी गणित करतो आणि उत्तर छापतो. म्हणून पेस्टची ट्यूब उघडण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: हा आकडा कुठल्या सेन्सरचा, त्याच्यावर कुठलं गणित झालंय, आणि तो एका क्षणाचा आहे की काही वेळाची सरासरी. बहुतेक कोडी इथेच सुटतात. जी सुटत नाहीत ती खरी दुखणी, त्यांच्याकडे शेवटी येतो.

तापमान: आधी वजाबाकी समजून घ्या

इंटेलच्या "कोअर" नावाच्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरपाशी, म्हणजे आतल्या प्रत्येक काम करणाऱ्या भागापाशी, डिजिटल सेन्सर असतो. तो "आत्ता ४५ अंश आहे" असं सांगत नाही. "कमाल मर्यादेला अजून ५५ अंश बाकी आहेत" एवढंच सांगतो. ही मर्यादा म्हणजे टीजे-मॅक्स. प्रोग्राम मर्यादा घेतो, त्यातून सेन्सरचा आकडा वजा करतो आणि ४५ छापतो. आता समजा मर्यादा १०० ची आहे आणि प्रोग्रामने ती ८५ धरली. सेन्सर तेच ५५ सांगतोय, पण स्क्रीनवर ३० येतं.

डेस्कटॉपच्या जुन्या कोअर २ मालिकेतल्या चिपमध्ये ही मर्यादा वाचून घ्यायची सोयच नव्हती. प्रोग्राम लिहिणारे अंदाज बांधायचे, आणि एकाच मशीनवर दोन प्रोग्राम १० ते १५ अंशांच्या फरकाने बोलायचे. इंटेलने २००८ मध्ये मर्यादेचे आकडे जाहीर केले तेव्हा अनेकांना आपली गणितं सुधारावी लागली. त्याच वर्षी आलेल्या नेहालेम पिढीपासून मर्यादा चिपमध्येच लिहिलेली असते, त्यामुळे हा वाद मिटायला हवा होता. तो अजून उगवतो, कारण कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर ओपन हार्डवेअर मॉनिटरची किंवा कोअर टेम्पची पुराणी आवृत्ती वर्षानुवर्षं फिरत असते आणि ती तिच्यानंतर जन्मलेल्या चिपवर चालवली जाते. पहिला उपाय फुकटचा आहे: प्रोग्रामची ताजी आवृत्ती घ्या. कोअर टेम्पमध्ये टीजे-मॅक्सचा आकडा खिडकीतच दिसतो. तो इंटेलच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रोसेसरच्या पानावर दिलेल्या आकड्याशी जुळतोय का बघा. एक सावधगिरी: काही लॅपटॉप बनवणारे ही मर्यादा मुद्दाम काही अंश खाली ठेवतात, त्यामुळे ती थोडी कमी दिसली तर घाबरू नका.

दुसरं म्हणजे हा सेन्सर मर्यादेजवळ भरवशाचा असावा म्हणून बनवलेला आहे. चिप जळू नये हे त्याचं काम. ९० च्या पुढे त्याच्यावर विश्वास ठेवा, ३० च्या आसपास ठेवू नका. ४५ नॅनोमीटर तंत्राने बनलेल्या कोअर २ मध्ये तर काही सेन्सर एका ठरावीक आकड्याखाली उतरतच नसत. मशीन कितीही वेळ निवांत ठेवलं तरी एक कोअर ३६ आणि शेजारचा ४४ असं चित्र दिसायचं. निवांत मशीनमध्ये दोन कोअरमध्ये पाच-सहा अंशांचा फरक आजही दिसतो. त्यावर वेळ घालवू नका.

खोट्या आकड्याची सर्वात सोपी कसोटी म्हणजे खोलीचं तापमान. हवेवर किंवा साध्या पाण्याच्या कूलरवर चालणारा प्रोसेसर चालू असताना खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. नागपूरला मे महिन्यात दुपारी खोलीत ३८ असेल आणि प्रोग्राम २६ दाखवत असेल, तर मशीनची वाहवा करायचं कारण नाही, गणित चुकतंय. याचीच दुसरी बाजू लोक विसरतात. कूलर खोलीच्या वर किती अंशांवर चिप राखतो, ते अंतर त्याच कामाला साधारण कायम राहतं. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत व्हिडिओ रेंडर करताना ७० दिसत असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तेच काम ८८ च्या आसपास जाणार. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही. म्हणून वाचन लिहून ठेवताना शेजारी खोलीचं तापमानही लिहा, नाहीतर दोन ऋतूंची तुलना निरर्थक.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्याकडे गोष्ट वेगळी आहे, आणि जास्त गमतीची. त्यांच्या चिप टी-कंट्रोल नावाचा आकडा देतात. तो पंख्याला किती जोरात फिरायचं हे कळवण्यासाठी आहे. खरं तापमान असलंच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही. जुन्या एफएक्स मालिकेत हा आकडा मर्यादेपासूनचं अंतर मोजण्यापुरताच कामाचा होता, त्यामुळे निवांत असताना लोकांना १२ अंश, ९ अंश अशी वाचनं दिसायची. २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हा उलटं झालं. १७००एक्स आणि १८००एक्स या मॉडेलांमध्ये कंपनीने खऱ्या तापमानात २० अंश मिळवलेले होते, थ्रेडरिपर १९५०एक्समध्ये २७, पुढच्या वर्षीच्या २७००एक्समध्ये १०. मॉडेल कुठलंही असो, पंख्याचं धोरण एकच राहावं हा हेतू. साध्या १७०० मध्ये मात्र असं काही मिळवलेलं नव्हतं, त्यामुळे १७०० वाला ४० अंशांवर खूश आणि १८००एक्स वाला ६० बघून कूलर बदलायला निघालेला. ही मशीनं सेकंडहँड बाजारात अजून भरपूर आहेत. प्रोग्राम टी-कंट्रोल आणि टी-डाय अशा दोन ओळी दाखवत असेल तर टी-डायची, म्हणजे खऱ्या तापमानाची, वाचा. एकच ओळ असेल तर ती कुठली हे आधी ठरवा.

१२७, उणे १२८, २५५: हे आकडे कुठून येतात

चिपच्या आतल्या सेन्सरांखेरीज मदरबोर्डवर नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची एक छोटी देखरेख चिप असते. पंख्यांचे फेरे, व्होल्टेज आणि काही तापमानं ती वाचते. तिला तापमानासाठी अनेक पिना असतात, आणि बोर्ड बनवणारा त्या सगळ्या वापरतोच असं नाही. ज्या पिनेला सेन्सर जोडलेलाच नाही ती हवेत लटकलेली राहते आणि प्रोग्राम तिथलंही वाचन इमानदारीने छापतो. आठ बिटांत, उणे-अधिक चिन्हासकट, मावणारी सर्वात मोठी संख्या १२७, सर्वात लहान उणे १२८. चिन्ह नसेल तर सर्वात मोठी २५५. स्क्रीनवर नेमका यातला आकडा स्थिर दिसला तर ते तापमान नाही, रिकामी पिन आहे. ऑक्सटीआयएन नावाच्या ओळींत १०५, ११३ असे अधलेमधले आकडेही दिसतात. ओळखायची रीत सोपी: दहा मिनिटं प्रोसेसरला कामाला लावा. आकडा तसूभर हलला नाही, किंवा कामाशी काहीही संबंध न ठेवता हलला, तर ती ओळ प्रोग्राममधून लपवून टाका आणि विसरून जा.

याच चिपची सीपीयूटीआयएन नावाची ओळ जास्त फसवी, कारण नावात सीपीयू आहे आणि आकडाही पटण्यासारखा असतो. काही बोर्डांवर तो सॉकेटजवळच्या सेन्सरचा असतो, काहींवर कशाचाच नसतो. तो कोअरच्या तापमानाशी जुळला नाही म्हणून कूलर काढू नका. कोअरचं तापमान प्रमाण माना.

लिनक्सवाल्यांसाठी एक खास नमुना. सेन्सर्स ही आज्ञा दिली की कोअरटेम्प (इंटेल) किंवा के१०टेम्प (एएमडी) या ड्रायव्हरांच्या खरोखरच्या वाचनांबरोबर एसीपीआयटीझेड नावाचा एक गट येतो आणि त्यात २७.८ किंवा २९.८ असा आकडा असतो, जो दिवसरात्र बदलत नाही. हे बायोसकडून (मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या मूळ प्रोग्रामकडून) येणारं मूल्य आहे, आणि ते केल्विनच्या दशांशांत येतं. ३०१० मधून २७३२ वजा करा, दहाने भागा: २७.८. ३०३० घेतलं तर २९.८. म्हणजे ३०१ किंवा ३०३ केल्विन असा गोल आकडा कुणीतरी तिथे लिहून ठेवलाय. विंडोजमध्ये पॉवरशेलच्या छोट्या स्क्रिप्टने "सीपीयूचं तापमान" काढणारे बहुतेक जण हेच मूल्य वाचत असतात आणि आपलं मशीन फार थंड आहे म्हणून खूश असतात.

उड्या

निवांत मशीनमध्ये तापमान एका सेकंदात २० अंश वर आणि पुढच्या सेकंदात परत खाली. सेन्सर बिघडला, असा निष्कर्ष लगेच निघतो. तो चुकीचा आहे. कोअर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनचा एक कोपरा. त्यातून क्षणभर २०-३० वॅट गेले की तो कोपरा तापणारच. कूलरच्या धातूला मात्र त्याची गंधवार्ता नसते. फोडणीचं कढलं गॅसवर क्षणात तापतं, शेजारचं पाण्याचं पातेलं तसंच राहतं, तसं हे. जितकी चिप नवी आणि ट्रान्झिस्टर जितके दाट, तितकी उडी मोठी.

यात मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचाही हात असतो. वाचन घ्यायला प्रोग्राम प्रत्येक कोअरला जागं करतो. जागा झालेला कोअर छोटं काम पटकन उरकायला टर्बोच्या, म्हणजे थोड्या वेळापुरत्या वाढीव, वेगावर जातो, व्होल्टेज वाढतं, तापमान उडतं, आणि प्रोग्राम नेमका तोच क्षण टिपतो. जुलै २०१९ मध्ये रायझन ३००० बाजारात आल्या आल्या याच तक्रारींचा पाऊस पडला होता आणि एएमडीनेही हेच कारण दिलं होतं. करून बघण्यासारखा प्रयोग: वाचनाचा कालावधी अर्ध्या सेकंदावरून पाच सेकंदांवर न्या. निवांत तापमान काही अंश उतरलं, तर उरलेला ताप तुमच्या मॉनिटरचाच होता. एएमडीचं स्वतःचं रायझन मास्टर सरासरी काढून दाखवतं, त्यामुळे ते इतर प्रोग्रामांपेक्षा शांत आणि कमी दिसतं. दोघंही खोटं बोलत नाहीत.

पंखा दर दोन मिनिटांनी घोंगावतो हा त्रास मात्र खरा. त्यावर उपाय बायोसमध्ये: पंख्याच्या प्रतिसादाला तीन-चार सेकंदांचा विलंब द्या आणि ६० अंशांच्या खाली पंख्याच्या वेगाचा उतार सपाट करा.

बायोसच्या पानावर ५२ आणि विंडोजमध्ये ३५ हाही नेहमीचा प्रश्न. बायोसमध्ये असताना प्रोसेसरला झोपायला सांगणारं कुणी नसतं, तो जागाच असतो. बायोसचा आकडा निवांत तापमान म्हणून धरू नका.

वेग: ०.७९ कधी ठीक, कधी बिघाड

वेग काढायचं गणित साधं: पायाभूत घड्याळ (बोर्डवरून येणारा ठोका) गुणिले गुणक (त्या ठोक्याच्या किती पट पळायचं तो आकडा). इंटेलमध्ये सँडी ब्रिज पिढीपासून, म्हणजे २०११ पासून, पायाभूत घड्याळ १०० मेगाहर्ट्झ असतं. ३.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३.५९ दाखवतो म्हणून हळहळणाऱ्यांसाठी: विद्युतचुंबकीय गोंगाट कमी करायला बोर्ड हे घड्याळ किंचित खाली-वर डोलवतो, सरासरी ९९.७५ च्या आसपास पडते, आणि ३६ पट म्हणजे ३५९१. एवढंच.

काम नसताना इंटेलची चिप गुणक ८ वर किंवा लॅपटॉपात ४ वर आणते. त्यातून ७९८ किंवा ३९९ मेगाहर्ट्झ येतात. हे अपेक्षितच आहे. उलट, निवांत मशीनमध्ये सतत ४.२ दिसला तरी वीज जळतेय असं नाही, आणि ते समजायला आत डोकवावं लागतं.

प्रत्येक कोअरमध्ये दोन मोजणीयंत्रं असतात, एमपर्फ आणि एपर्फ. दोन्ही कोअर जागा असतानाच चालतात, झोपला की थांबतात. पहिलं ठरीव पायाभूत वेगाने (चिपच्या टर्बोशिवायच्या वेगाने; वरचं १०० चं घड्याळ नव्हे) मोजतं, दुसरं प्रत्यक्ष वेगाने. पायाभूत वेग २४०० मेगाहर्ट्झ असलेला एक कोअर घ्या. एका सेकंदात पहिलं यंत्र २४ कोटींनी पुढे गेलं आणि दुसरं ४० कोटींनी. पहिल्यावरून कळतं की कोअर सेकंदाचा फक्त दहावा भाग जागा होता, कारण पूर्ण सेकंद जागा असता तर २४० कोटी झाले असते. दोहोंचं गुणोत्तर ४०/२४, त्याला २४०० ने गुणलं की ४०००. म्हणजे जागा होता तेव्हा तो ४ गिगाहर्ट्झवर पळत होता. आणि सगळा सेकंद धरून प्रत्यक्षात झालेलं काम ४० कोटी आवर्तनांचं, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झचं. आता एक प्रोग्राम ४००० छापतो, दुसरा ४००, आणि दोन्ही बरोबर. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दुसऱ्याला "इफेक्टिव्ह क्लॉक" म्हणतात. लिनक्सच्या टर्बोस्टॅट या प्रोग्राममध्ये दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत येतात, एक जागेपणीची सरासरी, दुसरी एकूण. वेगाबद्दल शंका आली की मी आधी इफेक्टिव्ह क्लॉकचीच ओळ बघतो, बाकीच्या नंतर.

टास्क मॅनेजर आणखी एक भर घालतो. विंडोज ८ पासून तो वापराची टक्केवारी पायाभूत वेगाच्या तुलनेत काढत आला. पायाभूत २ आणि टर्बो ४ असलेल्या लॅपटॉपवर कोअर अर्धा वेळ जरी टर्बोत पळाला तरी हिशेब १०० टक्क्यांवर जातो, आणि त्याच क्षणी दुसरा प्रोग्राम ५० दाखवत असतो. विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटपासून ही पद्धत बदलून सर्वसाधारण टक्केवारी आणली आहे. त्यामुळे एकाच ऑफिसातली दोन मशीनं, अपडेट झालेलं आणि न झालेलं, त्याच कामाला वेगळे आकडे दाखवू शकतात.

इंटेलच्या १२ व्या पिढीपासून अनेक प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर एकाच चिपमध्ये असतात आणि दोघांचे कमाल वेग वेगळे. सगळ्यांची मिळून एक सरासरी दाखवणाऱ्या आकड्याला तिथे काहीच अर्थ उरत नाही. कोअरवार यादी उघडा.

वेग कंपनीने सांगितलेल्या कमाल आकड्याच्याही वर दिसत असेल, ४.४ च्या जागी ५.२ वगैरे, तर गुणक बघा. गुणक ४४ असेल आणि पायाभूत घड्याळ ११८ दिसत असेल तर घड्याळाच्या मोजणीत घोळ आहे. विंडोजमध्ये हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर विंडोज स्वतःच एका आभासी थरावर चालत असतं, आणि तिथून काढलेलं घड्याळ असं भरकटू शकतं. झोपेतून उठलेल्या मशीनवरही हे दिसतं. रीस्टार्ट करून पुन्हा बघा. आकड्यासाठी मेमरी इंटिग्रिटी बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते सुरक्षेचं कवच आहे, आणि इथे चुकतेय ती फक्त स्क्रीनवरची संख्या.

अडकलेला ०.७९

आता खराखुरा त्रास. काम सुरू केलं, वापर १०० टक्के, मशीन गोगलगाय, आणि वेग तरीही ०.७९ किंवा ०.३९. पतसंस्थेत काम करणाऱ्या एका ताईंचा लॅपटॉप याच तक्रारीने आला होता. "दादा, तापत नाही, पंखाही वाजत नाही, पण एक्सेल उघडायला चहा पिऊन यावं लागतं," हे त्यांचं वर्णन, आणि निदानाला ते पुरेसं होतं. मशीन तापून मंदावलं असतं तर ते गरम लागलं असतं आणि पंखा ओरडला असता. वाचन असं: कोअर ४४ अंश, इफेक्टिव्ह क्लॉक ७९०, तापामुळे मंदावल्याची खूण "नाही", पण बाहेरून आलेल्या प्रॉचॉट इशाऱ्याची खूण "होय".

प्रॉचॉट ही प्रोसेसरची एक तार आहे. चिप तापली की ती स्वतः ही तार ओढते आणि वेग कमी करते. पण तार दोन्ही बाजूंनी ओढता येते: बोर्डवरचा दुसरा कुठलाही भाग तीच तार ओढून प्रोसेसरला बळजबरीने सर्वात खालच्या वेगावर बसवू शकतो. लॅपटॉपात हे बहुतेक वेळा चार्जरमुळे होतं. अनेक लॅपटॉप मधल्या बारीक पिनेतून चार्जर किती वॅटचा आणि अस्सल आहे का हे विचारतात. उत्तर आलं नाही तर खबरदारी म्हणून वीज आखडती घेतात. चार्जर पुण्याच्या तपकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा स्वस्त असेल, किंवा कंपनीचाच असून मधली पिन वाकली असेल, परिणाम एकच. ताईंच्या चार्जरची पिन वाकून बाजूला टेकली होती. दुसरा चार्जर लावून रीस्टार्ट केलं आणि वेग ३.४ वर गेला.

चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा. वेग सुटला तर चार्जर किंवा त्याचा सॉकेट. बॅटरीवरही अडकलेलाच असेल तर बॅटरी काढता येत असल्यास काढून, फक्त चार्जरवर बघा. मेलेली बॅटरीही तीच तार ओढते. मशीन बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं तर काही वेळा अडकलेला नियंत्रक सुटतो. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्राममध्ये या तारेची एक खूण असते, ती काढली की तारेकडे दुर्लक्ष होतं, आणि इंटरनेटवर सगळे तीच काढायला सांगतात. निदानापुरती काढा, कायमची नको. तार कुणीतरी काहीतरी कारणाने ओढतंय, आणि ते कारण बोर्डवरचा वीजपुरवठ्याचा भाग तापणं हेही असू शकतं.

त्याआधी एक फुटकळ तपासणी: विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा. ती १०० ऐवजी ९९ असेल तर टर्बो बंद पडतो, आणि २.४ चा प्रोसेसर २.४ वर ताठ उभा राहतो. "लॅपटॉप थंड ठेवायची युक्ती" म्हणून कुणीतरी ते करून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं.

जोर लावल्यावर अर्धा मिनिट ४.२ आणि मग २.६, तापमान ७५ च्या खाली, हे मात्र दुखणं नाही. पातळ लॅपटॉपातल्या चिपला थोडा वेळ जास्त वॅट घ्यायची मुभा असते, नंतर तिला ठरलेल्या वॅटांत राहावं लागतं.

वाचणाऱ्यांचीच भांडणं

दोन मॉनिटरिंग प्रोग्राम एकाच वेळी चालू, शिवाय बोर्ड कंपनीचं दिव्यांचं आणि पंख्यांचं सॉफ्टवेअर. तिघंही त्या एकाच देखरेख चिपला विचारत असतात. एकाने प्रश्न विचारला आणि उत्तर दुसऱ्याच्या हातात पडलं की मधूनच पंखा शून्य, तापमान २५५, व्होल्टेज अशक्य, आणि पुढच्या सेकंदाला सगळं पूर्ववत. "मॅक्सिमम" च्या रकान्यात मात्र तो २५५ दिवसभर बसून राहतो आणि घाबरवतो. एकच प्रोग्राम ठेवा, बाकीचे खरोखर बंद करा. घड्याळाशेजारच्या चिन्हांतून बाहेर काढा.

वाचनंच नाहीशी झाली असतील तर ड्रायव्हर बघा. विनरिंग० नावाचा एक जुना ड्रायव्हर अनेक मोफत प्रोग्राम वापरत आले. त्यातली सुरक्षेची त्रुटी २०२० पासून नोंदलेली आहे, आणि मार्च २०२५ पासून विंडोज डिफेंडर तो धोकादायक म्हणून उचलून बाजूला ठेवू लागला. त्यामुळे कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज रिकाम्या ओळी दाखवतो. डिफेंडरला सूट देण्यापेक्षा प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्या.

आणि खरंच तापत असेल तर

आकडा मोठा आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. रायझन ७००० मालिकेतल्या ७९५०एक्ससारख्या चिप पूर्ण कामात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे राहतील अशाच बनवल्या आहेत. कूलर चांगला असेल तर त्या त्याच ९५ वर जास्त वेगाने पळतात. अशा चिपला मोठा कूलर लावून तापमान उतरायची वाट बघणारे निराश होतात. तिथे वेग बघा, अंश नको.

निदान करायचं ते आकडा कसा चढतो यावरून. एकच प्रोग्राम उघडा, खोलीचं तापमान लिहा, ७-झिपची चाचणी किंवा दुसरं कुठलंही सर्व कोअर राबवणारं काम दहा मिनिटं चालवा आणि तापमान व इफेक्टिव्ह क्लॉक फाईलमध्ये नोंदवा. दोन-तीन सेकंदांत थेट १०० गाठलं तर कूलर चिपला नीट टेकलेलाच नाही: स्क्रू सैल, पेस्ट वाळून खडखडीत, पाण्याच्या कूलरचा पंप बंद, किंवा तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय. हे शेवटचं ऐकून हसू येतं, पण नव्या जोडणीत सापडतं. पाच-सात मिनिटं हळूहळू चढत गेलं तर कूलर टेकलाय, हवा वाहत नाही: पंख्यामागच्या पत्र्यांत धुळीची गादी बसलीय, किंवा टेबलाच्या कप्प्यात कॅबिनेट कोंबलंय. लॅपटॉपात जाळी वरून स्वच्छ दिसते आणि गादी आतल्या बाजूला असते, झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. 

चाचणी चालू असताना मोबाईलवर वेळही मोजा. सॉफ्टवेअरचे सगळे आकडे चुकू शकतात, पण तीच फाईल कॉम्प्रेस करायला गेल्या महिन्यात दोन मिनिटं लागत होती आणि आज नऊ लागली, तर वेग खरंच पडलाय. वेळ तेवढाच लागला आणि फक्त स्क्रीनवर ०.७९ दिसतंय, तर मशीन बंद करू नका, प्रोग्राम बदला.

मदत मागताना "टेम्परेचर हाय आहे" एवढं लिहून उपयोग नाही, आणि कॅमेऱ्याने काढलेला तिरपा फोटोही नको. प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, प्रोग्रामचं नाव व आवृत्ती, खोलीचं तापमान, लॅपटॉप असेल तर चार्जर मूळचा की नंतर घेतलेला, आणि त्या दहा मिनिटांची नोंद-फाईल. शेवटचं "मॅक्सिमम" काढून टाकलंत तरी चालेल, बघणारा चढ बघतो.